पोट मोकळं ठेवलेली गाडी

सोमवारी सकाळी कलाबाई टेकाडावर गेली तेव्हा सुपरवायझर मॅडमचा फोन आला. या आठवड्याचा विषय वाहने. प्रत्येक पोराच्या हातात वाहनाचं चित्र पाहिजे, पोरानं ते स्वतः रंगवलेलं पाहिजे, आणि गुरुवारी मॅडम पाड्यावर येऊन बघणार. छापील कागद यायचे होते, ते आलेच नव्हते.

"हातानं काढा," मॅडम म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

ज्याला काढायचं नसतं त्यालाच असं सुचतं.

कलाबाई अंगणवाडीची मदतनीस. पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, एवढं तिचं काम. शिकवायचं काम सेविकेचं; पण सेविका बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि तिच्या जागी कुणी आलं नव्हतं. त्यामुळे खडू, रजिस्टर, सरकारी फोन आणि एकवीस पोरं, सगळं कलाबाईच्या गळ्यात पडलं होतं. ती चौथी शिकलेली. फोनवर फोटो कसा चढवायचा ते तिची सून रोशनी तिला शिकवायची, आणि दर वेळी नव्यानं शिकवावं लागायचं.

तिनं पोरांनाच विचारलं, "कोणचं वाहन काढू?" बस पाड्यापर्यंत येत नव्हती, आगगाडी कुणी बघितली नव्हती. पोरं एका सुरात म्हणाली, "मोटरसायकल."

चित्रं काढणं तिला तसं नवं नव्हतं. लग्नघरात भिंतीला गेरू सारवून तांदळाच्या पिठानं देवी, घोडा काढून चौक लिहायचा असतो. एके काळी कलाबाईला त्यासाठी चार पाड्यांवरून बोलावणं यायचं. मग नवरा, चिमाजी, काविळीनं गेला आणि बोलावणं थांबलं, कारण चौक सवाशिणीनं लिहायचा. नऊ वर्षं तिच्या बोटांना पीठ लागलं नव्हतं. लहानपणी आत्यानं तिला शिकवलं होतं: दाखवलं तसं लिहायचं, चौकात विचारायचं नसतं. कलाबाईनं कधी विचारलं नाही. म्हणून तर ती चांगली लिहिणारी ठरली होती.

तर तिनं मोटरसायकल काढली. दोन चाकं, चाकांत दाट आऱ्या, वर तीन माणसं. माणसांचे त्रिकोण तिनं बारीक रेघांनी भरून काढले, टाकी भरली, सीट भरली, चाकाखालचा रस्ताही ठिपक्यांनी भरला. रिकामं काही ठेवायचं नाही, हे हाताचं जुनं वळण. कागद मनोजच्या पुढ्यात ठेवला. मनोज पाच वर्षांचा, शेंबडा आणि शहाणा. त्यानं लाल खडू हातात घेतला आणि कागद उलटसुलट फिरवला.

"बाई, यात रंग कुठं भरू? तुम्ही सगळं भरलंय."

बाकीची पोरं हसली. कलाबाईही हसली, पण तिचे कान गरम झाले. संध्याकाळी तिनं टेकाडावर मोहाच्या झाडाखाली जाऊन, कारण रेंज तिथंच, मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "कलाबाई, नुसती बाहेरची रेघ काढायची. रेघ कुठं तुटली नाय पाहिजे, आणि पोट मोकळं ठेवायचं. भरायचं काम पोरांचं."

फोन झाल्यावर ती खाली उतरली नाही. तिथंच दगडावर बसून राहिली, कारण राजू घरी यायचा होता.

राजू तिचा एकुलता एक. ऑक्टोबर लागला की द्राक्षांची छाटणी सुरू होते आणि डोंगरातली माणसं दिंडोरीकडं बागांवर जातात. बहुतेक घरं पोराबाळांसकट तिकडंच ताडपत्रीत राहतात. यंदा राजू बिऱ्हाड हलवायला निघाला होता. कलाबाईच आडवी पडली. तुझी पल्लवी पाच वर्षांची झाली, तिची अंगणवाडी बुडेल, तिला मळ्यात साप-विंचवात कुठं नेतोस. रोज येऊन-जाऊन कर की, गाडी हाय ना. हे तिचेच शब्द. आता राजू पहाटे निघायचा, मागं पाड्यावरचे सुनील आणि रवी, एका सीटवर तिघं. सावळ घाट चढून जायचा आणि अंधार पडता पडता तोच घाट उतरून यायचा. जाताना ती निवांत असायची. उतरायची वेळ झाली की तिला घरात बसवायचं नाही. पातेलं चुलीवर ठेवायचं आणि दारात उभं राहायचं, भात लागला तरी कळायचं नाही. राजूच्या गाडीचा आवाज ती वळणापलीकडून ओळखायची. मध्येच इंजिनाचा एक ठोका चुकायचा.

त्या दिवशी आवाज आला तेव्हाच ती टेकाडावरून उतरली.

मंगळवारी पहाटे ती गाडीपुढं जाऊन बसली. मांडीवर पाटी, पाटीवर कागद, हातात पेन्सिल. गाडी भिंतीकडं कलून स्टँडवर उभी होती, उजवं अंग अंगणाकडं. आजवर ह्या गाडीवर तिनं तांदळाची पोती लादली होती, दसऱ्याला झेंडूचा हार घातला होता, शेणाच्या हातानं एकदा तिची सीट माखवून राजूच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. पण गाडी बघितली नव्हती. आता बघायला लागली तर जीव दडपला. केवढ्या नळ्या, केवढे दांडे, आणि प्रत्येक कुठून तरी निघून कुठं तरी जाणारा.

चाकं वाटी ठेवून काढली. ती जमली. टाकी पहिल्यांदा भोपळ्यासारखी आली, खोडली. सीट हवेत राहिली. पुसून पुसून कागदाला भोक पडलं. ते कागद तिनं अंगणवाडीत नेले तर पोरांनी परीक्षाच घेतली.

"बाई, किक कुठं हाय?"

"सायलेन्सर नाय काढला. धूर कुठनं निघल?"

"बाई, ही गाडी पडल. स्टँडच नाय हिला."

पोरांना अ आ इ येत नव्हतं, पण गाडीतलं सगळं येत होतं. राजूची पल्लवी तेवढी गप्प बसून बघत होती. ती बोलकी नव्हतीच. पोटात ठेवणारी होती.

बुधवारी कलाबाई अजून लवकर उठली. पूर्वेला नुसतं फटफटलं होतं. राजू गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसून पक्कडनं काही पिळत होता. आईला बघून उठला.

"आये, परत आलीस? काय बघतीस सारखं?"

"तू तुझं काम कर. मी माझं करते."

ती बसली. टाकी, सीट, किक, सायलेन्सर. पायाच्या ब्रेकपासून एक लांब सळई मागच्या चाकाकडं गेली होती, तीही तिनं ओढली. सळईच्या टोकाशी, चाकाच्या मधोमध, तार होती. तीन वेढे, मग पीळ, पिळाची दोन टोकं शेळीच्या कानासारखी बाजूला. तिनं ती तशीच्या तशी काढली. वेढे तीन म्हणजे तीन. चौकातल्या देवीच्या माळेचे मणी मोजून काढावे तशी.

राजू हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. हेल्मेट त्याच्याकडं होतं; ते हँडलला लटकवून ठेवायचा.

"एवढं बारीक कशाला काढतीस?" तो म्हणाला. "पोरांना काय कळतंय त्यातलं?"

"तुझ्यापेक्षा लय कळतं."

"चाकं काढ, टाकी काढ, झालं की. हे राहू दे."

तो चेष्टा करतोय असं तिला वाटलं. पोरगा चेष्टा करतो म्हटल्यावर आई ऐकते होय? तिनं तार आणखी ठसठशीत केली. रोशनी ओसरीवर भात कापायला जायच्या गडबडीत होती. विळा हातात धरून ती क्षणभर कागदाकडं बघत राहिली, काही बोलणार असं वाटलं, पण राजूनं तिच्याकडं बघितलं आणि ती विळ्याला धार लावायला वळली.

त्या दिवशी दुपारभर आणि संध्याकाळी राजू येईपर्यंत कलाबाईनं एकवीस गाड्या काढल्या. पहिल्या तीन थरथरल्या, मग हात बसला. बाहेरची रेघ, न तुटता, पोट मोकळं. मोकळं सोडताना तिला प्रत्येक वेळी चुकल्यासारखं वाटायचं, काम अर्धं टाकून उठल्यासारखं. पण शेवटच्या गाडीपर्यंत तेही अंगवळणी पडलं. एकवीस टाक्या, एकवीस किका, एकवीस तारा. नऊ वर्षांनी तिच्या हाताला हात असल्यासारखं वाटलं, आणि खोटं कशाला बोला, ती स्वतःवर खूश झाली.

गुरुवारी मॅडम दुपारचे तीन वाजले तरी आल्या नाहीत. पोरं चित्रं रंगवून, खिचडी खाऊन पेंगायला लागली होती. मॅडम आल्या त्या समाधानच्या गाडीवर. फाट्यावर समाधानचं गॅरेज होतं. फाट्याच्या पुढं वाहन मिळत नाही म्हणून मॅडमनी त्याला सोडायला सांगितलं होतं. मॅडमनी रजिस्टर बघितलं, पोरांची वजनं विचारली, खिचडीचं पातेलं उघडून बघितलं. मग भिंतीवर दोरीला लावलेल्या एकवीस मोटरसायकलींपुढं उभ्या राहिल्या. हिरव्या, गुलाबी, एक अर्धी जांभळी. रंग रेघेबाहेर गेले होते, पण गाड्या उभ्या होत्या.

"कलाबाई, हे तुम्ही काढलं?"

"व्हय."

"हातानं?"

कलाबाईनं मान हलवली. पदरानं तोंड पुसायचं काही कारण नव्हतं, तरी पुसलं.

समाधान दारातून आत आला. त्यानंही चित्रं बघितली आणि त्याला हसू आलं. "मावशी, तुम्ही गॅरेजात होता काय? किक बराबर, पायडल बराबर. माझ्याकडची पोरं वर्षभर शिकतात तरी त्यांना ब्रेकचा रॉड कुठं जातो सांगता येत नाय." त्यानं बोट रॉडवरून मागं मागं नेलं. चाकाशी ते थांबलं. मग तो दुसऱ्या चित्राकडं गेला, मग तिसऱ्या. हसू गेलं होतं.

"ही काय काढली, मावशी?"

"हाय तशी काढली."

"कुणाची गाडी?"

"राजूची. सगळ्यांना असती ना ती?"

समाधान काही बोलायच्या आत खालून पल्लवीचा आवाज आला. सगळ्या आठवड्यात ती पहिल्यांदा बोलत होती.

"ती तार हाय. बाबा रोज पक्कडनं पिळतो. आईला म्हणाला, आजीला सांगू नको."

तिच्या कागदावर बाकी गाडी कोरीच होती. फक्त तार लाल रंगवली होती, दाबून दाबून.

"इथं नट असतो, मावशी," समाधान सावकाश म्हणाला. "नट नसला की रॉड सुटतो आणि मागचा ब्रेक गेला. पुढचा ब्रेक चालतो का त्याचा?"

कलाबाईला माहीत नव्हतं. पण तिला आठवलं, राजू घाटाचं बोलताना एकदा सुनीलला म्हणाला होता, पुढचा नावालाच हाय. तेव्हा तिला ते गाडीचं काही तरी वाटलं होतं. तिनं विचारलं नव्हतं.

"किती जण बसतात?"

"तिघं," ती म्हणाली.

मॅडम म्हणत होत्या, कलाबाई, फोटो घ्यायचाय, जरा पोरांना उभं करा. कलाबाई तोवर दारातून बाहेर पडली होती. टेकाड चढताना एक चप्पल सुटली, ती तिनं तिथंच टाकली. मोहाच्या झाडाखाली उभं राहून राजूचा नंबर लावला. फोनमधली बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तीच बाई. मग बागेवरच्या मुकादमाला, धनराजला लावला.

"ते तर मघाशीच निघाले, ताई," धनराज म्हणाला. "आभाळ आलंय ना वर. मालकानं आज लवकर सोडलं."

"कधी निघाले?"

"झाला की पाऊण तास."

"निघाले ते," ती खाली येऊन म्हणाली. समाधाननं लगेच गाडीला किक मारली.

"घाटाच्या वर गाठतो. नाय तर वाटेत."

"अहो, मला फाट्यावर कोण सोडणार?" मॅडम म्हणाल्या. पण म्हणता म्हणताच त्यांनी हात खाली घेतला आणि समाधानला जा म्हणून खूण केली.

पोरांच्या आया एकेक करून आल्या आणि पोरं घेऊन गेल्या. मॅडम लहानग्यांच्या बाकड्यावर गुडघे वर करून बसून राहिल्या. त्यांची पर्स मांडीवर, रजिस्टर उघडं, सही राहिलेली. कलाबाई दारात. पल्लवी तिच्या लुगड्याला धरून. घाटाकडं आभाळ काळं होतं आणि तिकडून थंड वारा येत होता.

रोशनी शेतातून धावत आली. कुणी तरी सांगितलं असणार. हातात विळा तसाच, केसांत भाताचं कुसळ. ती सासूपुढं येऊन उभी राहिली.

"तुला माहीत होतं," कलाबाई म्हणाली.

"ते म्हणले, छाटणीचे पंधरा दिवस काढू दे. एक दिवस खाडा केला तर मुकादम दुसरी टोळी घेतो. समाधानभाऊचं गॅरेज हे जातात तेव्हा बंद, येतात तेव्हा बंद." रोशनीनं विळा खाली ठेवला. "तुम्ही काढत होता तेव्हा मी म्हणणार होते, आई. तुम्ही सळईपाशी आला तेव्हा मला वाटलं, आता विचारतील. तुम्ही विचारलंच नाय."

कलाबाईनं दोरीवरच्या चित्रांकडं बघितलं. एकवीस वेळा काढली होती तिनं ती तार. वेढे मोजून. एकवीस वेळा डोळ्यांपुढं होती. राग सुनेवर यायला पाहिजे होता, पोरावर यायला पाहिजे होता. तो फिरून फिरून स्वतःकडंच येत होता. आत्या म्हणायची, विचारायचं नसतं. आत्याच्या चौकातल्या घोड्याला ब्रेक नव्हता लागत.

उजेड कमी व्हायला लागला. मॅडमनी पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून पल्लवीला दिला. पल्लवीनं तो तसाच धरून ठेवला. मग मॅडम उठून कलाबाईच्या शेजारी दारात येऊन उभ्या राहिल्या. विषय, फॉर्म, फोटो, कशाचंच त्यांनी नाव काढलं नाही. एकदा म्हणाल्या, "येतील." कलाबाईला त्या शब्दाचाही आधार वाटला.

आवाज आला. वळणापलीकडून, बारीक. रोशनी पुढं धावली. कलाबाई हलली नाही. ती ऐकत होती. ठोका चुकत नव्हता. एकसारखा, नीट आवाज होता तो. राजूची गाडी नव्हती. समाधानची होती, आणि एकच होती.

तिनं दाराची चौकट धरली. मॅडमनी तिला दंडाला धरलं.

गाडीचा दिवा वळला आणि डोळ्यांत आला. दिव्यामागचं काही दिसेना. मग गाडी अंगणवाडीपुढं थांबली, दिवा विझला, आणि समाधानच्या मागं राजू बसलेला दिसला. तो उतरला तो एकाच पायावर. दुसरा पाय त्यानं वर धरला होता. त्या पायाला चप्पल होती, म्हणजे अंगठा आणि पट्टे होते. खाली तळ नव्हता. टाच सोललेली, काळी-लाल.

"सुनील, रवी?" कलाबाईनं विचारलं.

"चालत येतायत. खरचटलंय, बाकी काय नाय," समाधान म्हणाला. "दुसऱ्या वळणावर तार तुटली. यानं त्या दोघांना उड्या मारा म्हणून सांगितलं, गाडी पहिल्या गिअरात टाकली, आणि पाय घासत घासत डोंगराच्या अंगाला खडीच्या ढिगात घातली. गाडी तिथंच हाय. सकाळी टेम्पोत आणतो." त्यानं राजूचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला. "मी पोचलो तेव्हा खडीवर बसला होता. उठायलाच तयार नव्हता."

"काय नाय झालं, आये," राजू म्हणाला.

कलाबाईनं त्याच्या मुस्काटात मारली. सगळ्यांदेखत, बायकोदेखत, मॅडमदेखत. मग त्याच हातानं त्याचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं. राजू रडला. तीही रडली, आणि रडताना त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, हाडं मोजल्यासारखा.

समाधान मॅडमना सोडायला निघाला. मॅडमनी उभ्या उभ्याच रजिस्टरवर सही केली. जाताना दोरीवरचं एक चित्र काढून घेतलं आणि घडी न घालता पर्समध्ये ठेवलं.

शुक्रवारी राजू बागेवर गेला नाही. ओसरीवर बसला होता, टाचेला हळद आणि फडकं, पाय पाटावर. धनराजचा दोनदा फोन आला असणार. फोन टेकाडावर न्यायला कुणी तयार नव्हतं. पल्लवी बापाच्या मांडीला टेकून कोऱ्या कागदाची वाट बघत होती, कारण तिला अख्खी गाडी रंगवायची होती.

कलाबाई पाटी घेऊन येऊन बसली. गाडी अंगणात नव्हती, पण आता तिला लागतही नव्हती. वाटी ठेवून तिनं चाकं काढली. मग टाकीपाशी पेन्सिल थांबवली.

"ही काय?"

"टाकी," राजू म्हणाला. "तुला माहीत हाय की."

"कशाला असती?"

त्यानं आईकडं बघितलं. ती चेष्टा करत नव्हती.

"पेट्रोल राहतं त्यात."

"आणि ही?"

"किक. इंजन चालू करायला."

ती एकेक रेघ ओढत गेली आणि विचारत गेली. हे कशाला, ते सुटलं तर काय होतं, हे कुणी बघायचं. राजू आधी तुटक बोलत होता, मग नीट सांगायला लागला. रोशनी चुलीपुढून उठून दाराशी आली. कलाबाईनं पायडल काढलं, पायडलापासून सळई ओढली, मागं मागं, चाकाच्या मधोमध नेली. तिथं ती थांबली. तेवढी एक जागा कागदावर कोरी राहिली.

तिनं पाटी राजूच्या मांडीवर ठेवली आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली.

"नट तू काढ."

राजूनं पेन्सिल धरली. बोटांना छाटणीच्या कातरीचे घट्टे होते, त्यामुळे ती नीट बसेना. त्यानं वाकून, श्वास धरून, सळईच्या टोकाशी एक लहानसा गोल काढला. रेघ जुळली नाही. एका बाजूला फट राहिली.

कलाबाई ती फट बघत होती.

"घट्ट काढ," ती म्हणाली.